पडद्यावरची चूक आणि पडद्यामागची मेहनत



सिनेमा पाहताना एखादी चूक सापडली की फार मौज वाटते. एका शॉटमध्ये नायकाच्या हातातला चहाचा कप भरलेला असतो, दुसऱ्यात अर्धा होतो आणि तिसऱ्यात पुन्हा काठोकाठ भरतो. केसांचा भांग डावीकडून उजवीकडे जातो. पाच मिनिटांच्या बोलण्यात भिंतीवरचे घड्याळ दोन तास पुढे सरकते. आपण शेजाऱ्याला कोपराने ढोसतो आणि म्हणतो, "पाहिलंस का? कोट्यवधी रुपये खर्च करतात आणि एवढंही कळत नाही!"

या वर्षी आपल्या नववीच्या वर्गाने भित्तिपत्रकासाठी "सिनेमातील गमतीदार चुका" हा विषय घेतला. विषय छान होता, अक्षरही सुंदर होते. यादी वाचताना मी एकेकाला विचारले, "हे दृश्य तू स्वतः पाहिलेस का?" बहुतेकांचे उत्तर आले, "नाही मॅडम, मोबाईलवर आलं होतं." त्या यादीतील काही चुका खऱ्या होत्या, काही मुळात चुकाच नव्हत्या आणि एक-दोन गोष्टी तर निव्वळ अफवा होत्या. हिंदीत म्हणतात, "नकल में भी अकल चाहिए." मुलांनी यादी परत मागून घेतली आहे आणि ती तपासून पुन्हा लावायचे ठरवले आहे. त्या तपासणीला मदत व्हावी, म्हणून हा लेख. चूक म्हणजे काय, ती होते कशी आणि ती खरी आहे हे ओळखायचे कसे, एवढेच यात सांगायचे आहे.

कथा सरळ, चित्रीकरण उलटसुलट

नाटक आणि सिनेमा यांतला मुख्य फरक आधी लक्षात घेऊ. आपल्या स्नेहसंमेलनात नाटक होते तेव्हा पहिला प्रवेश आधी, दुसरा नंतर असा क्रम असतो. पात्राने चहा प्यायला की कप रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. सिनेमात असे होत नाही. तिथे कथेच्या क्रमाने चित्रीकरण करणे जवळजवळ कधीच परवडत नाही.

समजा, एका वाड्यातले प्रसंग सिनेमाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी आहेत. वाडा एकदाच भाड्याने मिळतो, म्हणून हे सगळे प्रसंग चार दिवसांत उरकून घेतात. आजोबांचे काम करणाऱ्या नटाच्या तारखा फक्त दहा दिवसांच्या असतात, म्हणून त्याचे सर्व प्रसंग एकत्र घेतात. नायक घरात शिरतो तो प्रसंग मुंबईतील स्टुडिओत होतो आणि तोच नायक त्याच घराच्या दाराबाहेर उभा असतो तो प्रसंग तीन महिन्यांनी दुसऱ्या गावात होतो. पडद्यावर मात्र तो उंबरठा ओलांडायला एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदात शर्टाचे वरचे बटण उघडे होते की बंद, कपाळावर घाम होता की नव्हता, पिशवी डाव्या हातात होती की उजव्या, हे सर्व जुळावे लागते. या जुळण्यालाच सिनेमावाले "कंटिन्युइटी" म्हणतात. मराठीत आपण त्याला सलगता म्हणू.

'शोले' (१९७५) हे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच्या लेखकांच्या जोडीतले सलीम खान आपल्या इंदूरचे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. रामगढ गाव पडद्यावर उत्तरेतले वाटते, पण ते उभारले होते कर्नाटकात, बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांमध्ये. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी तिथे अख्खे गाव बांधले. सुरुवातीची रेल्वेगाडीवरची मारामारी मात्र महाराष्ट्रात पनवेलजवळ चित्रित झाली आणि त्या काही मिनिटांच्या प्रसंगाला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. चित्रीकरण ऑक्टोबर १९७३ मध्ये सुरू झाले आणि सिनेमा १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला.

याच सिनेमात हवेलीच्या सज्जातील दिव्यांचा एक छोटा प्रसंग आहे. वर जया भादुरी, खाली माउथऑर्गन वाजवणारे अमिताभ बच्चन. दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि छायालेखक द्वारका दिवेचा यांना त्यासाठी सूर्य मावळल्यानंतरचा आणि काळोख पडण्याआधीचा प्रकाश हवा होता. हा प्रकाश रोज जेमतेम काही मिनिटे टिकतो. तेवढ्यात एखादा शॉट झाला तर झाला, नाहीतर दुसऱ्या संध्याकाळची वाट पाहायची. या एका प्रसंगाला जवळजवळ वीस दिवस गेले. वीस वेगवेगळ्या संध्याकाळी पडद्यावर एकच संध्याकाळ म्हणून दाखवायच्या होत्या. पदराची घडी, कंदिलाची जागा, आकाशाचा रंग, हे सर्व रोज जुळवावे लागले असेल. आता सांगा, कुठे एखादी सावली इकडची तिकडे झाली तर आपण त्यांना अडाणी म्हणायचे का?

एकच प्रसंग, अनेक तुकडे

दुसरे कारण असे की प्रसंग एकदाच खेळून संपत नाही. दोन जण टेबलाशी बसून बोलत आहेत, एवढाच प्रसंग घ्या. आधी दोघे एकत्र दिसतील असा शॉट घेतात. मग कॅमेरा एकीच्या खांद्यामागे ठेवून दुसरीचा चेहरा घेतात. नंतर कॅमेरा आणि दिवे उलट बाजूला नेऊन पहिलीचा चेहरा घेतात. प्रत्येक वेळी तेच संवाद, तेच हातवारे आणि तोच समोसा खाणे पुन्हा करायचे. प्रत्येक शॉटचे पाच-सात टेक झाले तर दुपारपर्यंत पंधरा-वीस समोसे संपतात! "असं का म्हणतेस?" या वाक्याला समोसा हातात होता की ताटलीत, हे प्रत्येक टेकला नटीच्या लक्षात राहीलच असे नाही.

हॉलिवूडच्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) या सिनेमात डोरोथी नावाची मुलगी बुजगावण्याला भेटते. त्या एकाच प्रसंगात तिच्या वेण्या एका शॉटमध्ये खांद्याच्या वर आणि दुसऱ्यात बऱ्याच खालपर्यंत लांब दिसतात. बोलता बोलता केस वाढत नाहीत, हे उघड आहे. वेगवेगळ्या वेळी घेतलेले तुकडे एकत्र जोडले गेले, याची ती खूण आहे. या सिनेमावर एकापाठोपाठ एक अनेक दिग्दर्शकांनी काम केले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आरसा तर छायालेखकाची कसोटीच पाहतो, कारण त्यात दिवे, कॅमेरा आणि माणसे सगळेच दिसते. 'मुगल-ए-आझम' (१९६०) मधला शीशमहालचा सेट आठवा. तो उभारायलाच सुमारे दोन वर्षे लागली. चहूकडे आरशाचे तुकडे असताना छायालेखक आर. डी. माथुर यांनी थेट झगझगीत प्रकाश टाळून परावर्तित प्रकाशावर काम भागवले. त्या नृत्यात आपल्याला फक्त नृत्यांगनेची प्रतिबिंबे दिसतात, हे त्या मेहनतीचे फळ.

वहीवाली व्यक्ती

मग हे जुळवतो कोण? परदेशात या कामासाठी स्वतंत्र व्यक्ती असते. तिला "स्क्रिप्ट सुपरवायझर" म्हणतात. आपल्याकडे हे काम बहुधा सहायक दिग्दर्शकांपैकी एकाकडे असते. ही व्यक्ती कॅमेऱ्याजवळ बसते आणि लिहीत राहते: कोणत्या प्रसंगाचा कितवा शॉट, कितवा टेक, कोणत्या शब्दावर नट उठला, कोणत्या हाताने दार उघडले, मेणबत्ती किती उरली होती, जखमेची पट्टी कोणत्या कपाळकोपऱ्यावर होती. पूर्वी लगेच छापून निघणारे पोलरॉइड फोटो काढून वहीत चिकटवत असत, आता डिजिटल कॅमेरे आहेत. वहीची गरज मात्र संपलेली नाही.

शॉटच्या आधी जी काळी-पांढरी पाटी "टक्" करून वाजवतात, ती क्लॅपसुद्धा याच हिशेबाचा भाग आहे. पाटीवर प्रसंग, शॉट आणि टेक यांचे क्रमांक असतात. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर नोंदलेले असतात. पाटी मिटल्याचे चित्र आणि "टक्" हा आवाज एकमेकांवर बसवला की ओठांची हालचाल आणि शब्द जुळतात. म्हणजे ती पाटी नुसती दिखाऊ नाही. ती त्या तुकड्याची हजेरी आहे.

सलगतेसाठी माणसे काय काय करतात, याचे 'टायटॅनिक' (१९९७) हे नवल वाटावे असे उदाहरण आहे. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जवळजवळ मूळ आकाराचे जहाज उभारले, पण त्याची एकच बाजू पूर्ण केली, उजवी. प्रत्यक्षात इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात जहाजाची डावी बाजू धक्क्याला लागलेली होती. मग जहाज निघण्याचा प्रसंग कसा घ्यायचा? त्यांनी सगळेच उलटे केले. पाट्यांवरची, गणवेशावरची, सामानावरची अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी लिहून घेतली, उलट्या बाजूने चित्रीकरण केले आणि नंतर चित्र पालटले. पडद्यावर सर्व सुलटे दिसू लागले. शेकडो माणसांच्या गर्दीत एक जरी पाटी सुलटी राहिली असती, तरी पडद्यावर ती उलटी झाली असती. हा प्रसंग पाहताना आपल्याला त्यातले काहीही जाणवत नाही. हे काम नीट झाले की दिसतच नाही, आणि म्हणून ते करणाऱ्याचे कौतुकही होत नाही.

पडद्यामागचे दाखवण्याची हौस आपल्याकडेही जुनी आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारा छोटा चित्रपटच केला होता. 'लगान' (२००१) च्या कच्छमधील चित्रीकरणावर सत्यजित भटकळ यांनी 'चले चलो' हा माहितीपट केला. सिनेमातील चुका शोधण्याआधी मुलांनी असा एखादा माहितीपट जरूर पाहावा, असे मी सुचवीन.

संकलक चूक का चालवून घेतो

इथे एक प्रश्न येईल. चित्रीकरणात गडबड झाली, पण नंतर टेबलावर बसून तुकडे जोडणाऱ्या संकलकाला ती दिसत नाही का? दिसते. पुष्कळदा तो जाणूनबुजून चूक स्वीकारतो.

आधी एक गणित करू. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने फिरते. एका फुटात १६ चित्रे असतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. 'शोले'साठी सुमारे तीन लाख फूट फिल्म वापरली गेली, म्हणजे अंदाजे ५५ तासांचे चित्रीकरण. संकलक एम. एस. शिंदे यांनी त्यातून साधारण सव्वातीन तासांचा सिनेमा काढला. पन्नासाहून अधिक तास बाजूला ठेवायचे आणि सव्वातीन तास निवडायचे, हे काम किती जोखमीचे असेल याचा विचार करा. 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो शिंदे यांना संकलनासाठी.

आता समजा, एका टेकमध्ये कप बरोबर जागी आहे पण नटीचा अभिनय फिका आहे. दुसऱ्या टेकमध्ये तिच्या डोळ्यांत खरे पाणी आले आहे, पण कप चुकीच्या हातात आहे. संकलक कोणता निवडील? 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) साठी ऑस्कर मिळवणारे संकलक वॉल्टर मर्च यांनी आपल्या पुस्तकात याचे उत्तर चक्क गुणांमध्ये दिले आहे. शंभरांपैकी ५१ गुण भावनेला, २३ कथेला, १० लयीला, ७ प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला, ५ पडद्याच्या सपाट मांडणीला आणि उरलेले फक्त ४ गुण प्रत्यक्ष जागेतील सलगतेला, म्हणजे कोण कुठे उभे आहे याला. भावना साधत असेल तर बाकीचे सोडावे लागले तरी चालेल, असे त्यांचे सांगणे. याचा अर्थ, आपण जिला निष्काळजीपणा म्हणतो ती पुष्कळदा विचारपूर्वक केलेली निवड असते.

आपल्या डोळ्यांना का दिसत नाही

संकलकाला हे धाडस करता येते, कारण प्रेक्षकाचे डोळे सगळे टिपत नाहीत हे त्याला ठाऊक असते. १९९७ मध्ये अमेरिकेतील डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म तयार केली. दोन मैत्रिणी टेबलाशी बसून बोलत आहेत, एवढाच प्रसंग. त्यात शॉट बदलताना मुद्दाम नऊ बदल केले होते. एकीच्या गळ्यातला स्कार्फ नाहीसा होतो, टेबलावरच्या ताटल्यांचा रंग बदलतो, असे ठळक बदल. दहा जणांना ती दाखवली. त्यांतल्या फक्त एकाला काहीतरी बदलल्यासारखे वाटले. "बदल आहेत, नीट पाहा" असे आधी सांगून पुन्हा दाखवली, तेव्हाही नऊपैकी सरासरी दोनच बदल सापडले.

त्यांचे डोळे अधू नव्हते. आपले लक्ष माणसाच्या चेहऱ्याकडे आणि बोलण्याकडे असते, ताटलीकडे नसते. डोळे उघडे असणे आणि पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात फळ्याकडे बघत बसलेल्या मुलांच्या बाबतीतही शिक्षकांना हा अनुभव रोज येतो.

चुकांचे तीन प्रकार

भित्तिपत्रकाच्या सोयीसाठी चुकांचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार सलगतेच्या चुकांचा. डोरोथीच्या वेण्या हे त्याचे उदाहरण. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) या हिचकॉक यांच्या सिनेमात एक गमतीदार चूक आहे. उपाहारगृहात नायिका पिस्तूल झाडते. मागच्या टेबलावर बसलेला एक लहान मुलगा तिने गोळी झाडण्याच्या आधीच दोन्ही कानांत बोटे घालतो. बिचाऱ्याने आधीच्या तालमींत आवाज ऐकलेला असणार! 'शोले'च्या शेवटच्या मारामारीत ठाकूरच्या कुर्त्याखाली हातांचा आकार जाणवतो, हीही याच जातीची चूक.

दुसरा प्रकार पडद्यामागची वस्तू पडद्यावर येण्याचा. 'ग्लॅडिएटर' (२०००) मध्ये प्राचीन रोमच्या आखाड्यात एक रथ उलटतो आणि त्याच्या मागच्या बाजूला गॅसचा सिलिंडर दिसतो. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या मे २०१९ मधील एका भागात राजेरजवाड्यांच्या मेजवानीच्या टेबलावर आजच्या काळातला कॉफीचा कागदी पेला राहून गेला. जगभर हसू झाले आणि निर्मात्यांनी संगणकावर तो पेला पुसून टाकला.

तिसरा प्रकार काळाच्या चुकांचा. त्या काळी नसलेली वस्तू, शब्द किंवा नियम दाखवणे. 'लगान'ची कथा १८९३ सालची आहे. तिथल्या सामन्यात षटक सहा चेंडूंचे आहे. इंग्लंडमध्ये १८८९ ते १८९९ या काळात पाच चेंडूंचे षटक होते, सहा चेंडू १९०० पासून आले. 'भाग मिल्खा भाग' (२०१३) मध्ये १९५० च्या दशकातील मिल्खा सिंग 'सन ऑफ इंडिया' या १९६२ सालच्या सिनेमातले गाणे गुणगुणतो.

सहा चेंडूंबद्दल थोडे थांबून विचार करावा. २००१ सालच्या प्रेक्षकाला पाच चेंडूंचे षटक दाखवले असते, तर थिएटरात पाचव्या चेंडूनंतर गोंधळच झाला असता. इतिहासाच्या वहीत ती चूक आहेच, पण कथा सांगणाऱ्याची ती सोयही असू शकते. म्हणून विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की सिनेमा पाहून इतिहासाचा पेपर लिहायचा नाही.

जी चूक नाहीच

आता मुद्द्याची गोष्ट. 'बेन हर' (१९५९) मधील रथांच्या शर्यतीत नायकाच्या मनगटावर घड्याळ दिसते, असे कित्येक वर्षे सांगितले जाते. आपल्या यादीतही ते होते. नायकाचे काम करणाऱ्या चार्लटन हेस्टन यांनी स्वतः हे नाकारले होते. त्या शर्यतीत त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत चामड्याचे पट्टे बांधलेले आहेत, घड्याळाला जागाच नाही.

'द विझार्ड ऑफ ऑझ' बद्दलही अशीच एक अफवा आहे की मागच्या झाडांत एका माणसाचे प्रेत लटकलेले दिसते. खरे पाहता, जंगल वाटावे म्हणून सेटवर मोठे पक्षी आणून सोडले होते आणि त्यांतल्या एकाने पंख पसरले, ती ती हालचाल. जुन्या धूसर प्रतींवर ते नीट कळत नसे. स्वच्छ प्रत पाहिली की पक्षी स्पष्ट दिसतो. अफवा मात्र अजून फिरतेच आहे.

'शोले'मधील पाण्याच्या टाकीचेही तसेच. रामगढमध्ये वीज नाही, कंदील लावतात, मग धर्मेंद्र ज्या टाकीवर चढतात तिच्यात पाणी कसे चढले, असा प्रश्न विचारून ही मोठी चूक असल्याचे सांगतात. प्रश्न चांगला आहे. पण डिझेलच्या इंजिनावर पंप चालतो, आणि वीज नसलेल्या कितीतरी गावांत विहिरींवर अशी इंजिने चालत असत. आपल्या आजोबांना विचारा. सिनेमात पंप दाखवलेला नाही, एवढेच म्हणता येईल. न दाखवलेली गोष्ट आणि चूक एक नव्हे.

काही गोष्टी तर सिनेमावाल्यांच्या हातातच नसतात. 'शोले'चा शेवट आधी वेगळा होता, त्यात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत सेन्सॉरने हरकत घेतली, शेवट बदलावा लागला आणि ऐन वेळी पोलीस येऊन पोहोचतात. "पोलीस नेमके तेव्हाच कसे आले?" असे विचारणाऱ्याला हे उत्तर. मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या शहराच्या महोत्सवात दाखवण्यात आली.

आणि काही गोष्टी प्रेक्षक जाणूनबुजून स्वीकारतो. फाळके यांना स्त्रीभूमिकेसाठी स्त्रिया मिळेनात, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले. पुढे 'लंका दहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. त्याला आपण चूक म्हणणार नाही. त्या काळाची ती अडचण होती आणि तीतून काढलेला तो मार्ग होता.

चूक दाखवावी कशी

चूक दाखवण्याची एक चांगली रीतही आहे. 'टायटॅनिक'मध्ये जहाज बुडाल्यावर नायिका फळीवर पडून आकाशाकडे पाहते. ते आकाश खरे नव्हते. नील डिग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले की १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे अटलांटिक महासागराच्या त्या भागातून तारे असे दिसलेच नसते. त्यांच्याकडे जागा, तारीख, वेळ आणि गणित होते. कॅमेरॉन यांनी त्यांच्याकडून बरोबर आकाश मागवून घेतले आणि २०१२ मध्ये सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा ते दृश्य बदलले. पुराव्यानिशी सांगणारा आणि ऐकून घेणारा, दोघेही मोठे.

एखाद्याच्या कामात चूक आहे असे म्हणणे हा त्याच्यावरचा आरोप असतो. सिनेमाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही, पण सवय तीच राहते. न पाहता, न तपासता पुढे पाठवायची सवय लागलेले मूल उद्या औषधाबद्दल, परीक्षेबद्दल किंवा शेजारच्या माणसाबद्दल आलेला मजकूरही तसाच पुढे पाठवील. पालकांनीही याकडे लक्ष द्यावे, कारण मुलांना असे निरोप बहुधा घरच्याच मोबाईलवर दिसतात.

म्हणून नव्या यादीसाठी आम्ही चार नियम केले आहेत. एक, दृश्य स्वतः निदान दोनदा पाहिलेले असावे. दोन, सिनेमाचे नाव, साल आणि कितव्या मिनिटाला ते दिसते हे लिहावे. तीन, चूक कोणत्या प्रकारची आहे ते लिहावे. चार, "ही चूक का झाली असावी?" या प्रश्नाचे निदान दोन ओळींत उत्तर द्यावे. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर शोधताना काम करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे लागते.

पालकांनी हा खेळ रविवारी घरी करून पाहावा. कोणत्याही मराठी किंवा हिंदी सिनेमातला दोन मिनिटांचा प्रसंग निवडा. एकाने फक्त हात पाहायचे, एकाने घड्याळ आणि खिडकीतला प्रकाश, एकाने कपडे आणि दागिने, एकाने मागची माणसे. प्रसंग संपला की प्रत्येकाने आपली नोंद वाचायची. दोन मिनिटांतच डोळे थकतात. चार महिने रोज दहा-बारा तास हेच काम करणाऱ्या त्या वहीवाल्या व्यक्तीचे नाव श्रेयनामावलीत कुठे येते, तेही त्याच वेळी शोधावे. दिवे लागले की उठून न जाता शेवटपर्यंत बसलात, तर ते सापडेल.

विद्यार्थ्यांनी आपल्या नोंदी महिनाअखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. नियमांत बसणाऱ्या नोंदी, पाहणाऱ्याच्या नावासह, भित्तिपत्रकावर लावल्या जातील.

आपली,
मुख्याध्यापिका